आपल्या उद्योगी भगिनी आणि त्यांची पत

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं मागें वळून पाहण्याची आपली जुनी रीत आहे. ज्या धर्मगुरूंनीं ऊनपावसांत पायपीट करून मंडळी जमविली, ज्या दानशूर गृहस्थांनीं देवमंदिरासाठीं दगड आणि लांकूड पुरविलें, ज्या धर्मभगिनींनीं मुलांस अक्षरओळख करून दिली, त्यांचीं नांवें आपण अशा वेळीं कृतज्ञतेनें घेतों. आणि तें सर्वथा योग्यच आहे. परंतु रविवारच्या मिस्सेंत फिरणाऱ्या दानाच्या थैलींत जें नाणें पडतें, तें कोठून आलें, हा प्रश्न इतिहास लिहितांना सहसा कोणी विचारीत नाहीं. तें नाणें पुष्कळदां पहांटे डोक्यावर घेतलेल्या भाजीच्या पाटींतून आलेलें असतें. शिवणयंत्रावर वाकलेल्या पाठींतून किंवा परक्या माणसांसाठीं थापलेल्या भाकरींतून आलेलें असतें. त्या नाण्याचा माग काढणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

ख्रिस्तसभेच्या इतिहासांत ही गोष्ट नवी नाहीं. प्रेषितांचीं कृत्यें या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायांत लुदिया नांवाची स्त्री आपणांस भेटते. ती थुवतीरा नगराची; जांभळ्या वस्त्रांचा व्यापार हा तिचा धंदा. संत पौल फिलिप्पै येथें आले असतां नदीकांठीं प्रार्थनेस जमलेल्या स्त्रियांत ती होती. तिनें त्यांचें भाषण ऐकिलें, घरच्या माणसांसह बाप्तिस्मा घेतला, आणि प्रेषितांस आग्रह करून आपल्याच घरीं उतरविलें. युरोप खंडांतील आरंभींची ख्रिस्ती मंडळी अशा रीतीनें एका व्यापारी स्त्रीच्या छपराखालीं जमली. पवित्र ग्रंथांत तिच्या पित्याचें वा पतीचें नांव दिलेलें नाहीं. तिचा धंदा मात्र आवर्जून सांगितला आहे. त्याच ग्रंथांत यापो येथें विधवांसाठीं वस्त्रें शिवणारी टबीथा आहे, आणि करिंथ येथें पतीबरोबर राहुट्या करणारी प्रिस्किल्ला आहे. कापडावर ज्या गांवाचें पोट चालतें, त्या भिवंडीच्या ख्रिस्ती माणसास या तिघी परक्या वाटूं नयेत.

भिवंडी हें मूळचें बंदराचें गांव. कामवारी नदी आणि खाडी यांच्या आश्रयानें येथील व्यापार वाढला. कल्याण आणि भिवंडी हीं नांवें इतिहासांत जोडीनेंच येतात. १६५७ सालीं शिवाजी महाराजांनीं हीं दोन्ही स्थळें आदिलशाहीकडून घेतलीं, हें सर्वांस ठाऊक आहे. पुढें १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेकडील विणकर कुटुंबें येथें येऊन स्थायिक झालीं. त्यांच्या हातमागांचा खटखटाट हाच कांहीं काळ या गांवाचा आवाज होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत वीज आली आणि हातमागाची जागा हळूहळू यंत्रमागानें घेतली. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांत जो प्रदीर्घ संप सुरू झाला, त्याच्या काळांत आणि त्यानंतर गिरण्यांचें पुष्कळसें काम भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गांवांकडे वळलें, आणि दूरदूरच्या प्रांतांतून कामगार येथें येऊं लागले.

मागावर उभा राहणारा बहुधा पुरुष. परंतु मागाच्या भोंवतीं जें संसाराचें आणि व्यापाराचें जाळें विणलें जातें, त्यांतील किती धागे स्त्रियांच्या हातचे आहेत! कोणी कांड्या भरते, कोणी कापडाचे सुटलेले धागे कातरते, कोणी घरीं शिवणयंत्र ठेवून परकर-झबलीं शिवते. घर मागें ठेवून आलेल्या कामगारास दोन वेळचें जेवण पाहिजे. येथें कामगारांच्या खानावळीस ‘भिशी’ म्हणतात, आणि भिशीखेरीज घरगुती डब्यांवरही कित्येकांचें पोट चालतें. खाडीकांठच्या गांवांतून मासळीची पाटी येते, शेतावरून भाजीची येते. मसाला कुटणारी, पापड लाटणारी, नाताळ जवळ आला कीं फराळाच्या मागण्या घेणारी स्त्री आपल्यापैकीं प्रत्येकाच्या ओळखीची आहे. पुष्कळांच्या घरांतच आहे.

या सर्वजणींच्या श्रमास आपण एकच शब्द वापरतों : ‘हातभार’. पुरुषानें हातगाडी लावली तर तो धंदेवाला. तीच गाडी त्याच्या पत्नीनें लावली तर ती घरास हातभार लावते! शब्द गोड आहे. त्याचा परिणाम मात्र गोड नाहीं. हातभाराचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. हातभारास भांडवल लागतें असें कोणास वाटत नाहीं. आणि ज्या धंद्यास वही नाहीं व भांडवल नाहीं, त्यास अडचणीच्या दिवशीं सावकाराखेरीज दुसरें दार उघडें राहत नाहीं. अशा स्त्रीचें कौतुक आपण पुष्कळ केलें. प्रसंगीं तिला दयेचें दानही दिलें. परंतु तिची पत मात्र क्वचितच मानिली. गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर असें दिसतें कीं, जेथें जेथें ही पत मानिली गेली, तेथें तेथें स्त्रीनें ती राखिली.

प्रथम कायद्याकडे पाहूं. १८७४ सालीं या देशांत विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला. विवाहित स्त्रीनें नोकरी, व्यवसाय वा व्यापार करून जें मिळविलें असेल, तें तिचें स्वतःचें स्वतंत्र धन होय, असें त्यानें ठरविलें. त्या काळीं तो कायदा हिंदु, मुसलमान, बौद्ध, शीख व जैन स्त्रियांस लागू नव्हता; ज्यांना त्याचा लाभ मिळाला, त्यांत ख्रिस्ती स्त्रिया होत्या. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांच्या कमाईवर त्यांचाच हक्क आहे, हें सरकारनें इतक्या पूर्वीं मान्य केलें होतें. परंतु कायद्याचें पुस्तक एका ठिकाणीं आणि घरांतील पेटीची किल्ली दुसऱ्या ठिकाणीं, अशी स्थिति कित्येक घरांत राहिली. हक्क होता; तो वापरण्याची रीत पडली नाहीं.

आपल्या शेजारच्या वसई प्रांताकडे पाहिलें म्हणजे हें चटकन् ध्यानांत येतें. १८६७ सालीं विरारहून मुंबईस लोकल गाडी सुरू झाली, आणि वसईच्या वाड्यांतील भाजी, फुलें आणि केळीं मुंबईच्या बाजारास जवळ आलीं. वाडीचें शिंपणें पुष्कळदां पुरुषाकडे; परंतु पहांटेच्या गाडीनें टोपली घेऊन जाणें, गिऱ्हाइकाशीं घासाघीस करणें, न खपलेला माल सायंकाळपूर्वीं खपविणें, हें व्यापाराचें खरें कसब घरच्या बाईकडे. आगाशीकडील सुकेळीं नांवारूपास आलीं, त्यांच्या मागेंही सोलणारे, वाळविणारे आणि राखण करणारे हात आहेत. बाजारभाव तिला तोंडपाठ. तरी जमिनीच्या कागदावर, कर्जाच्या अर्जावर आणि दुकानाच्या पाटीवर तिचें नांव शोधावें लागे.

गरिबाच्या पतीचा प्रश्न आपल्या धर्मगुरूंनीं फार पूर्वीं ओळखिला होता, हें अभिमानानें सांगावेंसें वाटतें. १८९१ सालीं पोप तेराव्या लिओंनीं श्रमिकांच्या स्थितीवर आपलें प्रसिद्ध विश्वपत्र काढिलें, आणि न्याय्य वेतन व श्रमिकांचे संघ या दोन्ही गोष्टींचा पुरस्कार केला. १९०४ सालीं हिंदुस्थानांत सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. त्यानंतर पांच वर्षांनीं, १९०९ सालीं, छोटानागपुरांत येशूसंघाचे फादर हॉफमन यांनीं आदिवासी शेतकऱ्यांस सावकाराच्या पाशांतून सोडविण्यासाठीं कॅथलिक सहकारी पतसंस्था उभारिली. आणि १९१८ सालीं आपल्या वसईंत मोन्सिन्योर मोनिस यांच्या पुढाकारानें कॅथलिक सहकारी पेढी स्थापन झाली. तीच आज बॅसीन कॅथलिक सहकारी बँक म्हणून उभी आहे. या साऱ्या प्रयत्नांचें तत्त्व एकच : भीक नको, पत द्या, आणि सोन्याच्या जामिनाऐवजीं शेजाऱ्याचा शब्द जामीन धरा. परंतु हें तत्त्व चुलीपाशीं बसलेल्या स्त्रीपर्यंत पोंचण्यास आणखी कित्येक वर्षें जावीं लागलीं.

तें कसें पोंचलें, याची कथा मुंबईच्या गिरणगांवांत सांपडते. आणि भिवंडीकरांनीं ती मुद्दाम ऐकावी, कारण आपलें गांव हें एका अर्थीं गिरणगांवाचें वारस आहे. कोंकणांतून आणि घाटावरून आलेला गिरणी-कामगार बायकामुलें गांवीं ठेवून एका खोलींत दहा-पंधरा जणांबरोबर राही. त्याला जेवूं घालणारी ती खानावळवाली. किराणा ती वाण्याकडून उधार आणी. कामगार पगार झाला म्हणजे महिन्याचे पैसे देई. मध्यंतरीचा सारा महिना तिच्या जोखमीवर चाले. म्हणजे गिरणीच्या एवढ्या मोठ्या कारभाराचा एक कोपरा या बाईच्या उधारीवर उभा होता! संप झाला कीं कामगाराचा पगार थांबे, परंतु त्याची भूक थांबत नसे. आणि बाईलाही त्याच्या पुढ्यांतलें ताट ओढून घेववत नसे. मग मंगळसूत्र, पाटल्या, तांब्याचीं भांडीं एकेक करून सावकाराच्या घरीं जात.

गोव्याच्या मुक्तिलढ्यांत भाग घेतलेल्या आणि पुढें मुंबईच्या कामगार-चळवळींत वावरलेल्या प्रेमाताई पुरव यांनीं हें दुःख जवळून पाहिलें. १९७५ सालीं त्यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिलें. १९६९ सालीं चौदा मोठ्या बँकांचें राष्ट्रीयीकरण झालें होतें. लहान माणसास कर्ज देणें हें आतां बँकांचें कर्तव्य ठरलें होतें. परंतु बँकेची पायरी चढण्याचें धैर्य खानावळवालीस कोठून येणार? मंडळानें तिला तें दिलें. स्त्रियांचे गट केले. गटांतील प्रत्येकजण दुसरीची जामीन राहिली. आणि ज्या बायांस कालपर्यंत तारणावांचून कोणी पैसा देत नव्हतें, त्यांच्या नांवानें बँकेनें कर्ज दिलें. त्यांनीं तें फेडिलें. बँकेच्या बाकावर बसून, आपल्या नांवाच्या पुस्तकावर सही वा अंगठा करतांना त्या स्त्रीस प्रथमच कळलें कीं, आपण कोणाच्या घरास हातभार लावीत नाहीं. आपण धंदा करितों. गिरण्या बंद पडल्यावरही मंडळ संपलें नाहीं. जेवण पुरविण्याच्या मोठ्या कामांत आणि स्त्रियांच्या शिक्षणांत तें उतरलें. २००२ सालीं प्रेमाताईंस पद्मश्री मिळाली.

याच मुंबईंत त्यापूर्वीं सोळा वर्षें एक लहानसा प्रयोग झाला होता. १५ मार्च १९५९ रोजीं गिरगांवांतील एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणी पापड लाटण्यास बसल्या. जवळ भांडवल नव्हतें. छगनलाल पारेख या समाजसेवकाकडून ऐंशीं रुपये उसने घेतले. पहिल्या दिवशीं पापडांचीं चार पुडकीं झालीं. पारेखांनीं त्यांस उपदेश केला तो लक्षांत ठेवण्याजोगा आहे : हा धंदा आहे, धर्मादाय नव्हे, हिशेब चोख ठेवा आणि देणग्या मागूं नका. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाली. तोच पुढें लिज्जत पापडाचा महिला गृहउद्योग झाला, आणि त्यांतील प्रत्येक भगिनी नोकर नसून भागीदार मानिली गेली. त्या सातजणींपैकीं जसवंतीबेन पोपट यांस २०२१ सालीं पद्मश्री देण्यांत आली.

असेंच दुसऱ्या ठिकाणींही घडलें. अहमदाबाद हेंही कापडगिरण्यांचें शहर; तेथें १९७४ सालीं इलाबेन भट यांच्या ‘सेवा’ संघटनेंतील सुमारें चार हजार श्रमजीवी स्त्रियांनीं दहा-दहा रुपये भाग घालून स्वतःची बँक उभारिली. आपल्या सातारा जिल्ह्यांत म्हसवड येथें चेतना सिन्हा यांनीं गांवच्या स्त्रियांची बँक काढावयाचें ठरविलें, तेव्हां सभासद निरक्षर आहेत म्हणून पहिला अर्ज नाकारला गेला. त्या बायांनीं माघार घेतली नाहीं. त्या अक्षरें शिकूं लागल्या, आणि अधिकाऱ्यांपुढें जाऊन म्हणाल्या कीं, आम्हांस वाचतां येत नसेल, पण व्याज मोजतां येतें. आमची परीक्षा घ्या. १९९७ सालीं माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

येथें एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य आहे. कर्ज म्हणजे पत नव्हे. २०१० सालीं आंध्र प्रदेशांत लहान कर्जांचा जो अनर्थ झाला, तो आपण विसरूं नये. धंदा न पाहतां, मिळकत न पाहतां, एकीवर एक कर्जें लादलीं गेलीं आणि आठवड्याचा हप्ता हाच फांस झाला. गिरणगांवांत आणि म्हसवडास यश आलें तें केवळ पैशाच्या जोरावर नव्हे. तेथें मालकीण ओळखीची होती, वही उघडी होती, शेजारीण जामीन होती, आणि आजारीपणीं हप्ता चुकला तर दारांत दरडावणारा नव्हे तर विचारपूस करणारा मनुष्य येत होता. अशी ओळख बाजारांत विकत मिळत नाहीं. ती धर्मग्रामांत मात्र असते, किंवा असावयास पाहिजे.

आपल्या भिवंडीस याची गरज किती आहे, हें २०२० सालानें दाखविलें. साथीच्या भयानें व्यवहार बंद झाले, माग थांबले, आणि हजारों कामगार मिळेल त्या वाहनानें व पायीं आपापल्या प्रांतीं परतले. कामगार गेला कीं त्याच्या जेवणाचा डबा बंद, चहाची टपरी बंद, भाजीची पाटी बंद. ज्या बाईच्या हिशेबाची वही नव्हती, तिची उधारी तर गेलीच. परंतु आपलें नुकसान किती झालें, हेंही तिला कोणास दाखवितां येईना. त्याच वर्षीं सरकारनें पथविक्रेत्यांसाठीं प्रथम दहा हजार रुपयांपर्यंतच्या कर्जाची योजना काढिली. त्यापूर्वीं २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानें शहर समितींतील विक्रेत्यांच्या प्रतिनिधींपैकीं एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, असें ठरविलें होतें. दारें उघडलीं आहेत. परंतु ज्यांच्या हातीं कागद नाहीं, त्यांस उघडें दारही भिंतीसारखेंच.

कोणी म्हणेल, स्त्री व्यापारांत गुंतली तर घराकडे कोण पाहील? त्यास नीतिसूत्रांचा शेवटचा अध्याय वाचावयास सांगावें. तेथें वर्णिलेली सद्गुणी गृहिणी तागाचीं वस्त्रें करून विकते, व्यापाऱ्यांस कमरपट्टे पुरविते, शेत पारखून विकत घेते, आणि घरच्यांसाठीं रात्र सरण्यापूर्वीं उठते. शेवटीं वेशीवर तिचें कौतुक कोण करतें? तिचीं कृत्येंच. ज्या स्त्रीस आपण लग्नाच्या उपदेशांत आदर्श म्हणून दाखवितों, ती व्यापारी होती, हें आपण सोयीनें विसरतों.

मग या ज्युबिलीच्या वर्षीं आपण काय करावें? मोठा निधि जमविल्यावांचूनही चार गोष्टी करितां येतील. पहिली : धर्मग्रामांतील ज्या ज्या भगिनी धंदा करितात, त्यांची नोंद त्यांच्या स्वतःच्या नांवानें व धंद्याच्या नांवानें व्हावी, ‘अमक्याची पत्नी’ म्हणून नव्हे. दुसरी : लिहितां येणाऱ्या मुलींनीं आठवड्यांतून एक तास देऊन आईला, काकीला, शेजारणीला जमाखर्चाची वही ठेवण्यास शिकवावें. बँकेंतील खातें, पथविक्रेत्याचा दाखला, बचत गटाची नोंद, हीं सर्व त्या वहीच्या मागून येतील. तिसरी : उद्योगी भगिनींचे लहान गट व्हावेत, ओळखीवर एकमेकींस जामीन राहावें. चौथी गोष्ट सर्वांत सोपी, आणि म्हणूनच सर्वांत अवघड : आपण स्वतः त्यांचे प्रामाणिक गिऱ्हाईक व्हावें. सणाच्या जेवणाची मागणी आपल्याच भगिनीकडे नोंदवावी. परंतु ‘आपलीच आहे’ म्हणून भाव पाडूं नये, आणि ‘पुढच्या महिन्यांत पाहूं’ म्हणून तिचे पैसे थकवूं नयेत. दुकानदारास आपण रोख देतों आणि घरगुती डबेवालीस वाट पाहावयास लावितों; हा अन्याय दूर देशींचा नाहीं, तो आपल्याच उंबऱ्यावरचा आहे. प्रस्तुत लेखकही त्यांतून सर्वस्वीं मुक्त नाहीं.

प्रभु येशूनें एका स्त्रीचा दृष्टांत सांगितला आहे. तिच्याजवळ दहा नाणीं होतीं. एक हरवलें तेव्हां तिनें दिवा लाविला, घर झाडिलें, आणि तें सांपडेपर्यंत शोध थांबविला नाहीं. मग मैत्रिणींस व शेजारणींस बोलावून आनंद केला. या दृष्टांतावर प्रवचनें पुष्कळ झालीं. तथापि एक साधी गोष्ट आपल्या ध्यानांतून निसटते. नऊ उरलीं आहेत आणि एक गेलें आहे, हें तिला कळलें, कारण तिनें तीं मोजून ठेविलीं होतीं. तीं तिचीं होतीं आणि त्यांचा हिशेब तिच्याजवळ होता. आपल्या धर्मग्रामांतील प्रत्येक उद्योगी भगिनीजवळ तशीं मोजलेलीं, तिच्या हक्काचीं नाणीं असावींत, आणि त्यांतील एखादें हरवलें तर तिच्याबरोबर दिवा घेऊन शोधणाऱ्या शेजारणी असाव्यात, एवढेंच या मंगल वर्षीं परमेश्वराजवळ मागणें आहे.